इंझोरीच्या राखीव बाभळी

माझे सासरे, म्हणजे मामाजी, कोणतंही बोलणं ‘समजा’पासून सुरू करायचे. आमच्या लग्नात त्यांनी दोन आचारी सांगितले होते. "समजा, एकाले ताप आला त?" ताप कुणालाच आला नाही. दोघं दिवसभर भांडले आणि भाजीत मीठ दोनदा पडलं.

शेलूबाजारला आमची लाकूड चिरायची आरामशीन आहे. चौकटी, खाटांचे पाय असलं काम. लाकूड येणार शेतकऱ्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आणि धुऱ्यावरच्या झाडाचा काय भरवसा! घरात लग्न निघालं की सगळी झाडं विकायला काढतील, नाहीतर भाव चढेल म्हणून हात लावू देणार नाहीत. कुणी अख्खा धुरा स्वस्तात देऊ केला, तरी मामाजी निम्मीच झाडं घेत. "सगळं आजच कापलं, त उद्या मशीन काय हवा कापन?" तुटलेल्या झाडाच्या जागी रोप लावलेलं दाखवल्याशिवाय त्या शेतकऱ्याचं लाकूड पुन्हा घेत नसत. उरलेली झाडं दुसरा आरामशीनवाला उचलून न्यायचा, आणि इकडे माझा जीव जळायचा.

इंझोरीच्या आमच्या शेतात त्यांनी दरवर्षी बाभळीची एकेक ओळ लावली होती. पुढे दरवर्षी एकेक कापायची, असा बेत. बेत झकास. पण पहिली ओळ तयार झाली, तेव्हा म्हणाले, "राहू दे, वाईट सालासाठी." मग दुसरीही राहिली. बाकीच्या ओळी अजून कापायजोग्या नव्हत्या.

आणि ते साल आलं. पाऊस थांबेना, शेतरस्ते चिखलात गेले, लाकूड येईना. मशीन बंद. मजूर रोज सकाळी येऊन नुसते बसायचे.

मी म्हटलं, "मामाजी, इंझोरीच्या बाभळी कापू."

"समजा, पुढचं साल याहून वाईट निघालं त?"

"आन् समजा, हेच ते वाईट साल असलं त?" मी ओरडलेच. सुनेनं सासऱ्यावर ओरडायची आमच्याकडे रीत नाही, पण सोसायलाही काही अंत असतो की नाही! त्यांनी टोपी घातली आणि बाहेर निघून गेले. मजूर एकेक करून पुण्याकडे गेले.

उन्हाळ्यात मग स्वतःच म्हणाले, "चाल, कापू." पहिल्या ओळीला कुऱ्हाड घातली, तर आतून भुसा सांडला. फार दिवस उभी ठेवल्यानं किड्यानं खोड पोखरलेलं. पुढचं झाड तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. मामाजी मातीतच बसले. मग दुसऱ्या ओळीकडे हात करून म्हणाले, "हे कापू का ठेवू? तूच सांग, बाई."

वर्षभर भांडलेली मी, पण कुऱ्हाड उचलली आणि घराकडे वळले.

दिवाळीनंतर ते गेले. दुसरी ओळ अजून उभीच आहे. लाकूड नाही म्हणून गिऱ्हाईक परत जातं, मी चरफडत इंझोरीला जाते आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं एकेक खोड ठोकून पाहते. काही भरीव वाजतात. काहींचं कळत नाही. जन्मभर ‘समजा, समजा’ म्हणून मला पिडलंत, मामाजी, आणि नेमकं सांगायची वेळ आली तेव्हा मलाच विचारून मोकळे झालात. कापू का ठेवू? बोला ना आता!