मेथीचं उत्तर

गौरम्माला बोलायचा कंटाळा कधीच नव्हता, लिहायचा होता. सोलापुरात बाळीवेशीत ती कडक भाकरी करून विकते. दिवसभर दोन्ही हात पिठात. फोन वाजला की पिठातून वाचलेल्या करंगळीनं एकच शब्द उमटायचा. 'व्हय', नाहीतर 'नको'. कुणाला, कशाला, ते ज्याचं त्यानं ओळखावं. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी हे चालवून घेतलं होतं.

तिचा एकुलता भाऊ श्रीशैल टेंभुर्णीला टायरचं दुकान चालवतो. थोरल्या भाचीच्या लग्नात मामाला फेटा शेवटी बांधला, म्हणून जो रुसला तो रुसलाच. गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या निमित्तानं तरी येईल, म्हणून गौरम्मानं त्याच्या आवडीची शेंगाचटणी कांडून ठेवली. पठ्ठ्या आला नाही. फोनसुद्धा नाही. "मोठा शहाणा लागून गेलाय," म्हणत तिनं चटणी गिऱ्हाइकाला विकून टाकली. पण तिला लई लागलं. आईबाप गेल्यावर माहेर म्हणून तेवढाच एक उरला होता.

यंदा गड्डा तोंडावर आला आणि भाकरीच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर घोळ झाला. एकीनं विचारलं, 'उद्या माझ्या भाकऱ्या मिळतील ना?' तेवढ्यात दुसरीनं विचारलं, 'उद्या बंद का?' गौरम्मानं पहिलीला 'व्हय' टाकलं. दुसऱ्या दिवशी एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. भाकऱ्यांची चवड बघून धाकटी लेक दानेश्वरी वैतागली.

"अव्वा, ज्याला उत्तर द्यायचंय त्या मेसेजवर बोट ठेवून उजवीकडं सरकव की! त्याचा प्रश्न वर दिसतो, खाली तुझं उत्तर. लोकांनी काय अंगात आणून ओळखायचं?"

गौरम्मानं हात धुतले. सरावाला घरचाच ग्रुप बरा, म्हणून जुने मेसेज उलगडत ती मागं मागं गेली आणि गेल्या संक्रांतीला येऊन थांबली.

मंडईतून दानेश्वरीनं विचारलं होतं, 'अव्वा, मेथी आणू का?'

त्याखाली श्रीशैल. 'अक्का, गड्ड्याला येऊ का?'

त्याखाली करंगळीचं उत्तर. 'नको.'

पुढं सगळी तिळगुळाची चित्रं. ती 'नको' टाकेपर्यंत मधेच पडलेला भावाचा प्रश्न त्या गर्दीत तिला कधी दिसलाच नव्हता.

"अय्यो!" गौरम्मा फोनलाच बोलली. "मेल्या, एक फोन तरी करायचास!" मग तिला वाटलं, रुसलेला माणूस नमतं घेऊन विचारतोय आणि सख्खी बहीण सगळ्यांदेखत 'नको' म्हणतेय. तो कशाला फोन करेल? तिला रडू आलं, डोळे तिनं पदरानं पुसले आणि श्रीशैलच्या त्या जुन्या प्रश्नावर बोट ठेवून उजवीकडं सरकवलं. त्याचा प्रश्न वर आला. खाली तिनं जन्मात लिहिलं नव्हतं एवढं लिहिलं.

'ये. नको मेथीला म्हणलं होतं.'

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर येईना. दानेश्वरी भाकऱ्या आवरायला लागली, गौरम्मा फोनकडं बघत बसून राहिली.

चहाच्या वेळी श्रीशैलचा मेसेज आला.

'सकाळी निघतो. मेथी आणू का?'

गौरम्मानं त्याच मेसेजवर बोट ठेवलं, नीट सरकवलं आणि लिहिलं, 'आण.'