जप्तीचं पाकीट

उचगावच्या आमच्या फौंड्रीत रोज टपाल येतं. सही करून पोस्टमनकडून घ्यायचं, फोडायचं, आवक वहीत नोंदवायचं आणि मालकांच्या टेबलावर ठेवायचं, हे माझं चौदा वर्षांचं काम. त्या दिवशी मालकांच्या नावाचं एक पाकीट फोडलं आणि आत माझंच नाव दिसलं. कोर्टाचा पगारजप्तीचा हुकूम होता. जुन्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपोटी या बाईच्या पगारातून दरमहा कापून कोर्टात भरावं, असा.

वहीत नोंदीसाठी पेन उचललं, खाली ठेवलं आणि पाकीट सरळ जेवणाच्या पिशवीत सारलं.

कार्ड आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला वापरलेलं. वर्षभर कमीत कमी हप्ता भरला, मग तोही जमेना. वसुलीवाले घरी येतो म्हणायला लागले तेव्हा मी सिमच बदललं. पुढं कसबा बावड्यातली भाड्याची खोली सोडून आम्ही इकडं आलो. फोन बंद झाले आणि मला बावळटीला वाटलं, पीडा टळली! कोर्टाचं समन्स त्या जुन्या खोलीच्या दाराला चिकटून वाळून गेलं असणार.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मालकांनी केबिनमधून हाक मारली की मी आधी पिशवी टेबलाखाली सारायचे. मागं स्टोअरच्या माणसानं बिलातली गडबड लपवली, तर त्याला दुपारच्या जेवणाआधीच हिशोब देऊन घरी पाठवलं होतं. ते पत्र मीच टाईप केलेलं. मलाही तसंच घालवतील, आणि या वयात मला दुसरं कोण उभं करतंय? नवऱ्याला सांगायची तर छातीच नव्हती. त्यानं विचारलं, तोंड का उतरलंय? म्हटलं, पित्त झालंय. ते अगदीच खोटं नव्हतं, घास खाली उतरत नव्हता.

पगारपत्रक करायचा दिवस आला. तेही मीच करते. त्या दिवशी हुकूम पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. खाली लिहिलेलं होतं, पगारातून कापलं नाही तर तेवढी रक्कम मालकांना स्वतः भरावी लागेल. पाकीट मी लपवून बसले होते आणि भुर्दंड त्यांच्या डोक्यावर. मला माझीच लाज वाटली, आणि भीती तर दुप्पट झाली.

वहीत मागची तारीख घालावी असं एकदा मनात आलं. पण आजचीच घातली आणि केबिनमध्ये गेले.

मालकांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग पाकीट उलटं करून पोस्टाचा शिक्का बघितला.

"हे नऊ दिस कुठं हुतं, बाई?"

"माझ्या पिशवीत."

"का?"

"तुम्ही कामावरनं काढाल म्हणून."

"कर्ज कुणाला नसतंय? मला न्हाय व्हय?" त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "काढत न्हाय. यात लिवलंय तेवढं तुझ्या हातानंच काप, जा."

इतक्या दिवसांनी नीट श्वास आला. मी दारापर्यंत पोचले तोवर त्यांनी परत हाक मारली. आवाज चढलेला नव्हता.

"आणि उद्यापासनं टपाल बंदच माझ्याकडं येऊ दे. तू फोडू नगंस."

"बरं," मी म्हणाले.

जागेवर येऊन पगारपत्रकात माझ्या नावापुढं कपातीचा आकडा भरला. ते करताना काही वाटलं नाही, पगार कापला तरी नोकरी होती. मग आवक वही आणि टपाल फोडायची कात्री उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली, आणि तिथं मात्र उभ्या उभ्या मला रडू फुटलं. मालक खाली बघून सह्या करत राहिले.