गुवाहाटीच्या विमानाआधी धरून बसलेली खुर्ची

पुणे ते गुवाहाटी सरळ रेषेत साधारण दोन हजार किलोमीटर, विमानाने जेमतेम तीन तास, असं मोबाईलने सांगितलं आणि मी निर्धास्त झालो. मुलगी तिथल्या दवाखान्यात, संध्याकाळी ऑपरेशन. जावई फौजेत, सीमेवर, फोन लागत नव्हता. "आबा, तुम्ही आल्याशिवाय मी आत जाणार नाही," एवढंच ती म्हणाली होती. माझा हिशोब ऐकून बायको म्हणाली, "इमान काय आपल्या कोल्हारच्या फाट्यावर थांबनार हाय का?" मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. पुण्यापर्यंतचा रस्ता मी हिशोबात धरलाच नव्हता, आणि तिकीट नीट वाचलं तर मधे कोलकात्याला विमान बदलायचं होतं. निघताना गावच्या देवीपुढे उभा राहून "सोबत ये" म्हणालो खरा, पण मनात शंका होतीच, इतक्या लांब हिची हद्द असेल का?

जन्म एसटीत गेलेला माणूस मी. कोलकात्याला गेटसमोर एक खुर्ची पकडली, शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून पिशवी ठेवली. समोरच्या एका टकल्या गृहस्थाला तिकीट दाखवून गेट हेच का, याची खात्री करून घेतली. नंतर वाटलं, दाखवलं ते चुकलंच. तो सारखा माझ्याकडेच बघत होता. मी पाकीट आतल्या खिशात सरकवलं. थोड्या वेळाने माईकवर काहीतरी पुकारलं आणि माणसं उठून जायला लागली. गर्दी हटली म्हणून मी पाय पसरले. तेवढ्यात तो गृहस्थ आला. "दादा, उठिए. इधर नहीं, उधर."

मी ओळखलं, याला जागा पाहिजे. "मेरा रुमाल टाका हुआ है इधर," मी ठणकावलं. त्याने दंड धरून ओढलं, तर मी खुर्चीचा हात पकडला. शेवटी त्याने माझी पिशवी उचलली आणि पळत सुटला.

मी मागे. "चोर, चोर" ओरडतोय, पायजमा सावरतोय, लोक वाट देतायत पण त्याला कुणी धरत नाही. म्हणजे सगळी एकच टोळी. बऱ्याच लांब एका गेटपाशी तो थांबला, पिशवी टेबलावर ठेवली आणि धापा टाकत वरच्या पाटीकडे बोट केलं. गुवाहाटी. आमचं गेट बदललं होतं. दार लावायला निघालेल्या मुलीने मला आत घेतलं. मी आधी पिशवी तपासली. सगळं जागेवर होतं. मग आभार मानायला वळलो, तर तो स्वतःच्या विमानाकडे निघून गेला होता.

त्याला देवीने पाठवलं का, मला सांगता येणार नाही. ज्याला चोर म्हटलं त्याच्या मागे धावलो म्हणून पोचलो, एवढं खरं.

दवाखान्यात मुलीला आत नेतच होते. मी तिचा हात धरला. डॉक्टर फारच पोरसवदा वाटला, नर्स घाई करत होती, मला कुणाचाच भरवसा वाटेना.

"सोडा आता, आबा," मुलगी म्हणाली.

मी सोडला. दार लागलं. त्या परक्या शहरात, काही न मागता, मी हात जोडले. ती सुखरूप बाहेर आली तेव्हाही ते जोडलेलेच होते.