लिंबागणेशची चिंध्यांची दोरी

वाचकहो, औषधाचा गुण आला नाही, तर ते तुम्ही देणाऱ्याच्या तोंडावर सांगता का? नाही सांगत. म्हणून तर लिंबागणेशच्या माझ्या मामांएवढा यशस्वी वैद्य अख्ख्या निजामाच्या राज्यात नाही.

चोंदलेलं नाक हा मामांचा एकमेव शत्रू. वाटेनं जाणारा नुसता शिंकला तरी ते त्याला हाताला धरून ओट्यावर बसवतात, डोक्यावर घोंगडं टाकून निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा देतात, कपाळाला सुंठेचा लेप फासतात आणि हुंगायला ओव्याची गरम पुरचुंडी देतात. समन्स घेऊन आलेला तहसिलीचा शिपाई घोंगड्याखालून बाहेर पडला, तेव्हा आपण कशाला आलो हेच विसरला होता. मग पुरचुंडीच्या फडक्याची एक चिंधी दारावरच्या दोरीला बांधायची. रोगी परत आला तर त्यानं आपली चिंधी सोडायची. नाही आला, तर तो बरा झाला. हा मामांचा पुरावा. दोरी ओझ्यानं वाकली आहे.

"न आलेला बराच झाला कशावरून?" मी विचारलं.

"आजारी माणूस घरी काहून बसंल, येड्या? लई शिकलास तू."

मी गावोगाव हिंडून त्या चिंध्यांची माणसं शोधली. वाफाऱ्यानं दोन घटका मोकळं वाटलं, असं सगळेच म्हणाले. पुढे? युसूफ वडगाव नावाच्या गावचा सुतार अजून तोंडानंच श्वास घेत होता. "गुण न्हाई आला. पर मामाला सांगू नगा. लई जीव लावतेत." घरोघरी हेच.

गेल्या महिन्यात मामांचंच नाक चोंदलं. आता डावा डोळा सुजून मिटलाय, कपाळ ठणकतंय, ताप हटत नाही. बीडच्या दवाखान्यात चला म्हणून मी पाया पडलो. त्यांनी दोरीकडे बोट केलं. "येवढे बरे झाले, मंग मलाच गुण काहून येणार न्हाई?" सुताराचं सांगितलं, तर म्हणाले, "त्याला येऊन चिंधी सोडू दे. मंग जुंप गाडी."

मी पुन्हा वडगावला गेलो. सुतार रडला, पण आला नाही. अशा माणसाचं मन कसं मोडायचं, म्हणाला.

काल मामांच्या नाकाशी निर्गुडी धरली. त्यांना वास आला नाही. तेवढ्यात मला शिंक आली, आणि मामा चाचपडत घोंगडं शोधू लागले.

वाचकहो, त्या दोरीवर तुमची चिंधी असेल आणि नाक अजून चोंदलेलंच असेल, तर उद्याच लिंबागणेशला या. काही बोलू नका. फक्त चिंधी सोडा. गाडी दारात उभी आहे.