बिनतेलाची पट्टी

आमचे मास्तर युसूफवडगाव या गावच्या बाजारात शेतकऱ्यांना आपलं गंज रोखणारं तेल दाखवायला गेले आणि तिथेच तापाने गेले. सोबत गेलेले हणमंतराव निरोप घेऊन दारात आले, तेव्हा मी एवढंच विचारलं, "काही म्हणाले का?" ते खाली बघत म्हणाले, "वैनी, पट्ट्या भिजल्या तर न्हाईत, असं इचारत होते..." रडू येण्याआधी मला राग आला. जाताजाताही त्या पट्ट्यांचंच नाव! माझी चौकशी नाही.

आमच्या नेकनूरला विहिरींवरच्या लोखंडी मोटा गंजून त्यांची चाळणी होई. ते थांबवायचं वेड यांना लागलं. दिवसभर मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, मुलं, घरी आले की लोखंड. परसात दोरीला लोखंडाच्या पट्ट्या टांगलेल्या. कुणाला करडईचं तेल, कुणाला एरंडेल, कुणाला कढवलेलं जवसाचं. सकाळी आधी त्यांची तोंडं बघणार, मग चूळ भरणार. जवसाचं तेल वाळलं की साय धरतं, मग गंजाला आत वाट मिळत नाही... हे सांगताना चेहरा असा फुलायचा, की आमच्या लग्नातही तसा फुललेला मी पाहिला नव्हता. माझ्या चटणीचे जवस त्यांच्या अंगाला! इतर बायकांच्या सवती चालत्याबोलत्या असतात, माझ्या टांगलेल्या होत्या, आणि त्याही ओळीने. मी तिकडे फिरकतच नसे.

एक पट्टी मात्र तशीच ठेवलेली, खवले सुटलेली. एकदा न राहवून विचारलं, "हिनं तुमचं काय घोडं मारलंय? हिला कावून न्हाई लावत?"

"हिला लावलं तर बाकीच्यांचं कसं कळंल? ही गंजती, म्हणून त्यांचं टिकणं दिसतं."

त्यांच्या लेखी ते शास्त्र होतं. मला ती पट्टी माझ्या गोतातली वाटली.

आता समाचाराला येणारे सांगतात, "मास्तरांनी लई मोटा वाचवल्या." वाचवल्या असतील. मी ऐकून घेते आणि चहा टाकते.

परवा सगळे गेल्यावर उरलेलं जवसाचं तेल कढवलं. त्या पट्टीचे खवले खरवडले आणि बोळ्याने दोन्ही अंगांनी तेल चोपडलं. ओळीतल्या सगळ्या आता सारख्या दिसतात. इतक्या वर्षांची मेहनत मी एका बोळ्यात बुडवली. बुडू दे. निदान यासाठी तरी येऊन रागवावं...