रेडिओची तार तुळशीत

नव्या टेपरेकॉर्डरमागची इंग्रजी अक्षरं पाहून पांढुर्ण्यातला आमचा रेडिओ आठवला. त्याच्या पाठीवर ए म्हणजे एरियल आणि ई म्हणजे ‘अर्थ’, जमिनीत पुरायची तार. माती ओली हवी, म्हणून देव न मानणाऱ्या बाबांनी ती तुळशीच्या कुंडीत पुरली. आई तिथे रोज सकाळी पाणी घालायची. छप्पन साली आमचा मराठी तालुका नागपूरसोबत राहणार की दुसऱ्या राज्यात जाणार हे बातम्यांत कळणार होतं, तेव्हाच नेमकी आई माहेरी सौंसरला गेलेली. माती सुकली, रेडिओ नुसता खरखरू लागला. बाबा तांब्या घेऊन अंगणात धावले. शेजारच्या काकू ओरडल्या, “अवो भाऊजी, दिवेलागणीले तुयशीले पानी घालून राहिले? पाप लागन!” “लागू द्या, वहिनी, बातम्या निघून चालल्या!” रेडिओ स्वच्छ बोलला: आमचा तालुका मध्य प्रदेशात, नागपूर मुंबई राज्यात. “पाहा, लागलं ना पाप?” काकू म्हणाल्या. मी अजूनही तुळशीला सकाळीच पाणी घालते.