अण्णांचा नवा रिमोट

मंडळी, आज इतकी दमलेय की सायबर कॅफेत बसून कसंबसं टाइप करतेय. पण ग्रुपवर सांगितल्याशिवाय राहवेना.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, उजवा हात अर्धांगवायूनं गेलाय. भावानं त्यांना होम थिएटर बसवून दिलं. टीव्ही, सीडी प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि तिन्हींचे तीन रिमोट. रोज सकाळी सगळं लावून मी कर्जतला शाळेवर जाते. तेवढीच त्यांना दिवसभर सोबत.

आज सुट्टी म्हणून, एका हातानं सगळं चालवता येईल असा एकच रिमोट घ्यायला त्यांना रिक्षानं नगरच्या बाजारात नेलं. दुकानदार मलाच बटणांनी भरलेला रिमोट दाखवत होता. "ताई, यात सगळं प्रोग्रॅम होतं." अण्णांनी मात्र डाव्या हातात मावणारा, मोजक्या मोठ्या बटणांचा उचलला आणि सोडेचनात. तोच घेतला.

मग दुपारभर एकेक जुना रिमोट नव्याच्या तोंडासमोर धरून एकेक बटण त्याला शिकवत बसले. पाठ मोडली. शेवटी अण्णांच्या हातात दिला.

त्यांनी एक बटण दाबून सगळं बंद केलं.

"काय झालं अण्णा, चालत नाही का?"

"चालतंय की. लई बरं वाटलं. दिसभर कानाशी वाजायचं, मला बंद करता येत न्हवतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हौसेनं लावून जायचीस गं."



तुमच्याकडेही कुणी असं गप्प राहून सोसतंय का?